आपला भार होडीवर टाक

वाचकांचे प्रश्न, सिस्टरमावशींची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की चौपन्नाव्या वर्षी कोयनेच्या फुगवट्यात मी कयाक वल्हवायला शिकले आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघाला बामणोलीला घेऊन जाते. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की पोस्टमन विचारायला लागला, मावशी, नवीन काय सुरू केलंय? निम्मी पत्रं पाण्याबद्दल आहेत आणि निम्मी पाण्याचं निमित्त करून भलत्याच दुखण्याबद्दल. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्यांनी मला झोपू दिलं नाही ती पत्रं घेते.

ज्यांनी कयाक पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. ती एका माणसापुरती, कधी दोघांपुरती, अरुंद होडी. पाय पुढे पसरून बसायचं. वल्हं एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पातं असतं. एकदा डावीकडे मारायचं, एकदा उजवीकडे.

प्रश्न : सिस्टरमावशी, जय ख्रिस्त. मी मूळची सांगलीची, नोकरीसाठी साताऱ्यात असते. २०१९ च्या पुरात गावभागातलं आमचं घर पाण्यात होतं. दोन रात्री आम्ही गच्चीवर काढल्या. तेव्हापासून मला पाण्याची भीती बसली आहे. यंदा इथल्या तरुण संघाबरोबर बामणोलीला गेले, धीर करून कयाकमध्ये बसले आणि काठापासून दहा हातांवर गेल्यावर थरथर कापायला लागले. प्रार्थना केली तरी कापरं थांबेना. शेवटी मला ओढून काठाला आणलं. जेवताना एक जण म्हणाला, "विश्वास कमी पडला." ते वाक्य मनातून जात नाही. भीती वाटणं म्हणजे अविश्वास का? – एक भगिनी, सातारा

उत्तर : पोरी, ज्याने ते वाक्य म्हटलं त्याचं घर त्या ऑगस्टात कुठे होतं, हे मला आधी विचारावंसं वाटतं.

माझं ते नोकरीचं शेवटचं वर्ष. मी मिरजेत नर्स म्हणून ड्यूटीवर होते. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती चौक, हरभट रोड, सगळं पाण्याखाली. आमच्याकडे एक म्हातारी आणली होती. अंगावरचं लुगडं ओलं कच्च, दातावर दात आपटत होते, पण ती आम्हाला लुगडं बदलू देईना. पदराखाली प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि नवऱ्याचा फोटो होता, आणि हात सोडला तर ते जाईल असं तिला वाटत होतं. मी तिच्यासमोर पिशवीला गाठ मारली, ती तिच्या मनगटाला बांधली, मग तिने हात सोडला. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि कितीतरी जीव गेले. त्या वर्षी सांगलीत पाण्याला भिणं हे शहाणपण होतं. तुझ्या अंगाने ते शहाणपण लक्षात ठेवलंय. त्याबद्दल त्याला रागवू नकोस.

आता माझा पहिला दिवस ऐक. मला शिकवणारा मुलगा तिथलाच, विशी-बाविशीचा. त्याने पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं, "मावशी, आमच्या आज्याचं गाव ह्याच्या तळाला आहे." १९६०च्या दशकात कोयनेचं धरण भरलं तेव्हा त्या खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. हा पोरगा त्याच पाण्यावर पोट भरतो, हे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. बसले. वल्हं असं धरलं की बोटांची पेरं पांढरी पडली. वासोटा किल्ल्याकडे जाणारी एक लाँच लांबून गेली, तिच्या लाटा आल्या, कयाक डावीकडे कलली. मी होती तशी ताठ राहिले आणि लाकडाच्या ओंडक्यासारखी पाण्यात. नाकातोंडात पाणी गेलं. लाईफ जॅकेटने वर फेकलं तेव्हा समोर माझी एक चप्पल तरंगत निघाली होती.

त्या पोराने मला परत बसवलं आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही वल्ह्याला लटकताय. वल्हं तुम्हाला धरत नाही, होडी धरती. सगळा भार बुडाखाली सोडा. कमरेच्या खालचं अंग होडीचं, वरचं तुमचं."

यात मोठं शास्त्र नाही, पण करून बघितल्याशिवाय कळत नाही. कंबर ताठ असली की होडी कलते तेव्हा माणूसही तिच्याबरोबर अख्खा कलतो, त्याचं डोकं होडीच्या बाहेर जातं आणि डोक्यामागून बाकी सगळं. कंबर सैल असली तर होडी खालच्या खाली हलते आणि डोकं तिच्या मधोमध राहतं. पूर्वी उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक शिकारीसाठी कयाक बांधायचे, हाडाच्या किंवा लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून. ज्याची होडी, त्याच्याच अंगाच्या मापाने. शिंप्याकडे माप द्यावं तसं. ती अंगात घालायची वस्तू आहे. अर्धवट बसून, निम्मा भार स्वतःच्या हातांवर ठेवून ती चालवता येत नाही.

त्या संध्याकाळी बामणोलीच्या खोलीत मी पवित्र शास्त्र उघडलं, कारण त्या पोराचा 'भार' हा शब्द डोक्यात वाजत होता. स्तोत्र ५५, बाविसावं वचन : "तू आपला भार परमेश्वरावर टाक." लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. पण त्या दिवशी मी स्तोत्र पहिल्यापासून वाचलं आणि पाचव्या वचनापाशी थांबले. तिथे स्तोत्रकर्ता म्हणतो की भय आणि कंप माझ्यावर आले आहेत. कंप, म्हणजे तुझं तेच कापरं. त्याच्या पुढच्या वचनात तो म्हणतो, मला कबुतरासारखे पंख असते तर मी उडून गेलो असतो. म्हणजे ज्याने आपल्याला भार टाकायला शिकवलं तो माणूस ते शिकवताना थरथरत होता आणि त्याला पळून जावंसं वाटत होतं. कापरं थांबल्यावर भार टाक, असं तो कुठे म्हणत नाही.

तुला कोणी ना कोणी येशूने वादळ शांत केल्याची गोष्ट ऐकवेल, म्हणून तीही बघू. १९८६ साली दुष्काळात गालीलाच्या समुद्राचं पाणी खाली गेलं तेव्हा चिखलात एक जुनी होडी सापडली, साधारण येशूच्या काळातली. ती सत्तावीस फूट लांब आणि साडेसात फूट रुंद आहे. मी हे वाचलं तेव्हा आमच्या हॉलमध्ये जाऊन फरशीवर पावलं मोजली. शिष्यांची होडी एवढीच असेल तर मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला प्रभू त्यांच्यापासून फार तर आठ-दहा पावलांवर होता. पाणी आत येत होतं आणि तोही भिजत होता. ते घाबरले, त्यांनी त्याला हलवून उठवलं, काहीसं रागावूनच : आम्ही बुडतोय, तुला काळजी नाही का? मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू आधी उठून वारा आणि लाटा थांबवतो आणि मग विचारतो, तुम्ही का घाबरलात, अजून विश्वास नाही का? मत्तयाने हा क्रम उलटा दिलाय हे मला ठाऊक आहे. पण दोघांच्याही सांगण्यात विचारणारा त्याच होडीत बसलेला आहे. तुमचा विश्वास कुठे, हे विचारायचा हक्क भिजलेल्याचा असतो. कोरड्या कपड्यात, ताटावर बसून तो प्रश्न विचारू नये.

आणि तुझी प्रार्थना वाया गेली असं मला वाटत नाही. तू घाबरलीस, तोंडाने प्रार्थना केलीस आणि मदतीला आलेल्या दोरीला धरून काठाला आलीस. उठवायचं ज्याला होतं त्याला तू उठवलंस.

पुन्हा जायचं असेल तर असं कर. फेब्रुवारीत सकाळी जा, दहाच्या आत. दुपारी तिथे वारा उठतो. पहिल्या दिवशी होडीत बसूच नकोस, पायरीवर पाय पाण्यात सोडून चहा पी. दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी कोणी उभं असताना, मुद्दाम कयाक उलटी करून पड. दोनतीनदा. पडल्यावर काय होतं हे अंगाला कळलं की ते निम्मं शांत होतं. लाईफ जॅकेटचे पट्टे असे आवळ की खांद्याला धरून कोणी वर ओढलं तरी ते हनुवटीपर्यंत येऊ नये. जॅकेट घालणं म्हणजे देवावर अविश्वास, असं म्हणणारा एक जण मला दरवर्षी भेटतो. मी त्याला होडीत घेत नाही. आणि आपल्याकडच्या कृष्णेत, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला, हौस म्हणून उतरू नकोस, तिथे मगरी आहेत.

आणि आयुष्यात परत कधी कयाकमध्ये बसावंसं वाटलं नाही, तर बसू नकोस. त्याने तुझं तारण अडत नाही. पण जे वाक्य तू जेवणाच्या ताटावरून उचलून घरी नेलंस ते मात्र परत देऊन टाक.

प्रश्न : आदरणीय सिस्टर, आईला पक्षाघात होऊन तीन वर्षं झाली. ती अंथरुणावरच आहे. दिवसा पत्नी बघते, रात्री मी. दर दोन तासांनी उठून कूस बदलावी लागते. सकाळी सातला कामावर. आम्ही रोज प्रार्थना करतो. सुधारणा नाही, शेवटही नाही. देव बघतोय का, हा प्रश्न मी पाळकसाहेबांना विचारू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. – कराड

उत्तर : दादा, मी सदतीस वर्षं नोकरी केली. त्यातल्या किती रात्री नाईट ड्यूटीच्या होत्या ते मोजलेलं नाही, पण पहाटेचे तीन ते सहा मला चांगले माहीत आहेत. नातेवाईक खुर्चीत मान टाकून झोपलेले असतात, बाहेर कुत्रीसुद्धा गप्प होतात. तेव्हा खिडकीशी उभं राहून मीही तुमचा हाच प्रश्न विचारलाय. पाळकसाहेबांना विचारायला तेव्हा मलाही लाज वाटायची.

मार्काचा सहावा अध्याय तुम्हाला पाठ असेल, तरी आज रात्री परत वाचा. संध्याकाळी शिष्य होडीत निघाले. प्रभू एकटा डोंगरावर राहिला. वारा समोरून होता. शास्त्र सांगतं की ते वल्ही मारता मारता हैराण झालेले त्याला दिसले. आणि तो आला रात्रीच्या चौथ्या प्रहराच्या सुमारास. तीन ते सहा. योहान म्हणतो तोवर ते पंचवीस-तीस स्टेड गेले होते, म्हणजे साधारण पाच किलोमीटर. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पाच किलोमीटर! ज्याने समोरच्या वाऱ्यात वल्हं मारलंय त्यालाच त्या आकड्यातला घाम कळतो. शिवसागरावर, म्हणजे कोयनेच्या त्याच जलाशयावर, मी एकदा दुपारी अशी अडकले होते. समोरचं आंब्याचं झाड अर्धा तास जागचं हललं नाही. मी मारत होते म्हणून ते मागेही गेलं नाही, हे मला काठाला लागल्यावर उमजलं.

प्रभूने इतका उशीर का केला हे मार्क सांगत नाही. तो हैराण झालेल्यांना बघत होता एवढं सांगतो. तुमच्या प्रश्नाला मी ह्यापेक्षा मोठं उत्तर देणार नाही, कारण तीन वर्षं न झोपलेल्या माणसापुढे मोठी उत्तरं ठेवू नयेत.

पण वारा समोरून असला की जाणता माणूस पाण्याच्या मधोमध जात नाही. तो काठाकाठाने जातो आणि जिथे डोंगराचं नाक आडवं येतं तिथे त्याच्या आडोशाला दम खातो. तुम्ही दोघं तीन वर्षं आडोशाशिवाय वल्हवताय. तुमच्या मंडळीत महिला मंडळ असेल, तरुण संघ असेल. आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्या कोणी जागायच्या, पाळीपाळीने. हे मागायला तुम्हाला जड जाईल, म्हणून हा अंक पाळकसाहेबांच्या हातात द्या आणि ह्या परिच्छेदावर बोट ठेवा. पाळकसाहेब, तुम्ही हे वाचत असाल तर येत्या रविवारी प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये ह्या घराचं नाव घेऊन थांबू नका, उपासनेनंतर वही घेऊन दाराशी उभे राहा आणि नावं लिहून घ्या.

आणि नर्स म्हणून दोन शब्द. कूस बदलताना आईंना पूर्ण एका कुशीवर वळवू नका, पाठीला उशी लावून थोडं तिरपं ठेवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली घडी घालून चादर ठेवा. कुठे लाल झालं तर तिथे चोळू नका, आपल्याकडे तेल लावून चोळायची सवय आहे, त्याने आतलं मांस आणखी दुखावतं. त्या जागेवरचा भार काढा आणि दिवसभरात लाली गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. तीन वर्षं अंथरुणावर राहूनही जखम झाली नसेल तर दादा, तुम्ही दोघांनी फार मोठं काम केलंय. मी वॉर्डात हे पाहिलंय, कौतुक म्हणून बोलत नाही.

प्रश्न : रविवार हा प्रभूचा दिवस. त्या दिवशी तरुणांना होड्या खेळायला नेणं तुमच्यासारख्या जुन्या विश्वासी बाईला शोभतं का? – वाई

उत्तर : काका, आम्ही शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी पाण्यावर असतो आणि रविवारी सकाळी साडेनऊला आपापल्या बाकावर. गेल्या वर्षी गाडी उशिरा पोचली तर पोरं ओल्या केसांनी उपासनेला बसली होती. त्यांतला एक कधी पुढच्या बाकावर बसत नव्हता, त्या दिवशी जागा नव्हती म्हणून बसला आणि आता तिथेच बसतो. तुम्हाला रविवारची काळजी आहे ह्याचा मला आनंद आहे. पुढच्या हिवाळ्यात आमच्याबरोबर चला, काठावर बसून शास्त्रपाठ तुम्ही घ्या.

प्रश्न : मावशी, लग्नाला दीड वर्ष झालं. नवरा निर्व्यसनी, मंडळीत काम करणारा. पण माझा पगार, माहेरी कधी जायचं, कुठला कोर्स करायचा, सगळं तो ठरवतो आणि वर म्हणतो, "पती हा पत्नीचं मस्तक आहे." नाताळनंतर आम्ही तापोळ्याला गेलो, दोघांच्या कयाकमध्ये बसलो आणि नुसते गोल गोल फिरलो. तो मागून ओरडत होता. आता घरात काही बिनसलं की म्हणतो, "बघ, कयाकसारखं होतंय, तू ऐकत नाहीस." – तासगाव

उत्तर : दोघांची कयाक मी वर्षानुवर्षं पोरापोरींना शिकवतेय, तेव्हा ह्या बाबतीत तुझ्या नवऱ्याने माझं ऐकायला हरकत नाही.

मागे बसतो तो दिशा सांभाळतो, हे खरं. वळवायचं काम त्याचं. पण वल्ह्याचा ठेका पुढचा माणूस ठरवतो. का, तर पुढच्याला मागचं दिसत नाही. मागच्याला पुढचा दिसतो. म्हणून मागे बसणाऱ्याने पुढच्याच्या खांद्याकडे बघायचं आणि आपलं वल्हं त्याच्या वल्ह्याबरोबर पाण्यात घालायचं. मागचा आपल्याच ठेक्याने मारायला लागला की दोन वल्ही हवेत एकमेकांवर आपटतात आणि होडी फिरते. तुम्ही गोल फिरलात ते तुझ्या न ऐकण्याने नव्हे. ज्याच्या हातात दिशा होती तो बघत नव्हता, ओरडत होता.

आता शास्त्राकडे येऊ, कारण त्याने शास्त्र काढलंय. इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय. 'मस्तक' हे तेविसावं वचन. त्याच्या आधी एकविसावं आहे : ख्रिस्ताच्या भयाने एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या. पुढे पत्नीला उद्देशून तीन वचनं आहेत, आणि पंचविसाव्यापासून अध्यायाच्या शेवटापर्यंत पौल पतीशीच जास्त बोलतो, जवळजवळ तिप्पट. त्यात पगाराचा हिशेब घ्या असं कुठे नाही. ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि स्वतःला तिच्यासाठी दिलं, तसं करा, असं आहे. मस्तक म्हणवून घ्यायचं असेल तर मापही तेच घ्यायचं, काटेरी मुकुट घातलेल्या मस्तकाचं.

तुला सांगते ते कर. पगाराचं खातं तुझ्या एकटीच्या नावावर असू दे. घरखर्चात वाटा दे, पण पासबुक आणि कार्ड तुझ्याकडे. कोर्सचा अर्ज भर आणि भरल्यावर त्याला सांग, गोड आवाजात, पण विचारू नकोस. माहेरी जायची तारीख दोघांनी बसून ठरवा, कॅलेंडर पुढ्यात ठेवून. तो माणूस वाईट आहे असं तुझ्या पत्रावरून मला वाटत नाही. त्याला कोणी दुसरं शिकवलेलं नाही. पण आवाजाचा हात व्हायला लागला, एकदा जरी, तर प्रार्थना करत घरात बसू नकोस. माहेरी ये आणि मला कळव.

आणि पुढच्या वेळी तापोळ्याला गेलात तर त्याला पुढे बसव. तो जड असेल तर पुढून होडी थोडी दबेल, चालेल, काठाकाठाने जा. अर्धा तास त्याला मागचं काही दिसणार नाही, फक्त तुझा आवाज ऐकू येईल. तू ओरडू नकोस.

प्रश्न : सिस्टर, माझं कोणाशी भांडण नाही, शंका नाहीत, संकट नाही. २०२० साली लॉकडाउनमध्ये उपासना मोबाईलवर बघायला लागलो. मग कधीतरी तीही राहिली. शास्त्र कपाटात आहे. मी विश्वासी आहे, पण आत काही हलत नाही. वय ५८. हे काय झालंय? – सांगली

उत्तर : तुमचं पत्र सगळ्यात छोटं आहे आणि मी ते सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बामणोलीच्या धक्क्यापासून थोडं आत जाऊन मी थांबले. पाणी काचेसारखं होतं, वाऱ्याचं नाव नाही. वल्हं मांडीवर आडवं टाकलं, पिशवीतून पोह्यांचा डबा काढला, सावकाश खाल्ले, वर लिंबाची फोड चोखली. डबा बंद करून मान वर केली तर धक्का दिसेना. लाँच उभ्या असतात ती जागा एका टेकाडाआड गेली होती. एकही लाट आली नव्हती, होडी एकदाही कलली नव्हती. मी काही केलं नव्हतं, तेवढ्यानेच मी तिथे पोचले होते.

इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचं पहिलंच वचन बघा. ऐकलेल्या गोष्टींपासून आपण वाहवत जाऊ नये म्हणून त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावं, असं तिथे लिहिलंय. 'वाहवत जाणं' हाच शब्द आपल्या मराठी शास्त्रात आहे. पळून जाणं, नाकारणं, बंड करणं ह्यांतलं काही तुम्ही केलेलं नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. म्हणून पश्चात्तापाचं काय करायचं तेही कळत नाही, कारण बोट ठेवावं असं पाप सापडत नाही.

त्या दिवशी परत आल्यावर त्या शिकवणाऱ्या पोराने मला एक युक्ती सांगितली. पाण्यावर थांबायचं असेल तर काठावरच्या दोन खुणा धरायच्या, एक जवळची, एक तिच्या बरोबर मागची. म्हणजे धक्क्यावरचा खांब आणि त्याच्या मागे डोंगरातली खिंड. दोन्ही एका रेषेत दिसतायत तोवर तुम्ही जागेवर आहात. खांब खिंडीपासून बोटभर जरी सरकला की दोन वल्ही मारायची. लगेच. तेव्हा दोन वल्ह्यांत काम भागतं. एकाच खुणेवर भरवसा ठेवला तर कळत नाही, कारण ती लहान होत जाते आणि डोळ्याला सवय होते. तुमची एक खूण, 'मी विश्वासी आहे' ही, अजून दिसतेय. दुसरी नाही, म्हणून किती सरकलात ते कळत नाही.

आत काही हलेपर्यंत वाट बघू नका. मला तरी दर रविवारी कुठे काही हलल्यासारखं वाटतं? कधी कधी उपदेश चालू असताना मी घरच्या आमटीचा गॅस बंद केला का ह्याचाच विचार करत असते. पण मी बाकावर असते. शेजारची बाई गाणं सुरू करते, माझं तोंड आपोआप उघडतं. सकाळी दात घासल्यावर एक स्तोत्र मोठ्याने वाचते, चहा उकळेस्तोवर. लांब असेल तर निम्मं. माझा खांब आणि माझी खिंड एवढीच आहे.

कपाटातलं शास्त्र आज काढून चहाच्या डब्याशेजारी ठेवा. तिथे धूळ बसत नाही. कुठून सुरू करू असं विचाराल तर वर ज्या स्तोत्राबद्दल लिहिलंय तिथूनच, पंचावन्न.

तुम्ही सांगलीतलेच आहात, मंडळी कुठली ते लिहिलेलं नाही. स्वतःच्या मंडळीत इतक्या वर्षांनी जायला संकोच वाटत असेल तर पहिल्या रविवारी आमच्याकडे या. संपादकांना फोन केलात तर ते पत्ता देतील. उजव्या हाताचा चौथा बाक, भिंतीकडून दुसरी जागा माझी. भिंतीकडची रिकामी असते, तिथे पंखा नीट लागत नाही म्हणून कोणी बसत नाही. गीतांचं पुस्तक मी दोन आणेन. घंटा साडेनऊला होते.